नसलेली तबकडी

रहिमतपुरात त्या म्हाताऱ्यांबद्दल कुणालाही विचारा, चांगलं सांगणारा माणूस सापडणार नाही. वाईट सांगणाराही सापडणार नाही. विचारलं की लोक आधी मागं वळून बघायचे आणि मग उलट विचारायचे, "तुमचं काय काम हाय त्यांच्याकडं?" एका माणसाच्या संशयी स्वभावाची लागण अख्ख्या पेठेला कशी होते हे मी तिथं पाहिलं.

स्टँडमागच्या बोळात त्यांचं एका खोलीचं दुकान होतं. दारावर पाटी होती. त्यावर स्वतःचं नाव नाही, दुकानाचं नाव नाही. वर मोठ्या अक्षरात लिहिलेलं, 'कॉपी करून मिळेल'. खाली बारीक अक्षरात, 'बदल करून मिळणार नाही'. ही दुसरी ओळ लोकांना चेष्टेची वाटायची. ती चेष्टेची नव्हती. एकदा मी बोळाच्या तोंडाशी ताटकळत असताना आत एक नवरदेव होता, लग्नाची जुनी सीडी घेऊन. त्याचं मेव्हण्याशी फाटलं होतं. मेव्हण्याला तेवढा व्हिडिओतून काढून टाका म्हणाला.

"लग्नात हुता का त्यो?" म्हाताऱ्यांनी विचारलं.

"हुता की. अक्षता टाकताना मागंच हुबा हाय."

"मग ऱ्हाणार."

"आवं, पैसं देतो न्हवं मी?"

"पैसं दिऊन मेव्हणा केलावतास का?"

नवरदेव सीडी उचलून चालता झाला. हे परत आपल्या खुर्चीत, भिंतीला पाठ टेकून, दाराकडं तोंड करून बसले. लष्करात सिग्नल विभागात पूर्ण नोकरी झालेली. तिथून ते निवृत्त झाले खरे, पण ड्युटीवरून उतरले नव्हते. संगणकाच्या कॅमेऱ्यावर जखमेला लावायची पट्टी चिकटवलेली. चहा घरून थर्मासमध्ये आणायचे, कारण चहावाला दिवसभर सगळ्या दुकानांतून फिरतो आणि त्याला सगळ्यांचं कळतं. गिऱ्हाइकाचा पेनड्राइव्ह आपल्या यंत्राला लावायचा म्हटलं की तोंड वाकडं करायचे. "ह्यानं कुठंकुठं तोंड घातलंय कुणाला ठावं." दोन गिऱ्हाइकं एका वेळी दुकानात घेत नसत. दुसरा आला की त्याला बोळाच्या तोंडाशी उभं करायचे.

मला त्यांनी पहिल्या दिवशी विचारलं, कुठली? मी म्हटलं, कोरेगाव. थोड्या वेळानं, काम चालू असताना, सहज विचारल्यासारखं केलं, "कोरेगावात कुठल्या आळीला?" आणखी थोड्या वेळानं, "मग बाजार कवा असतोय तुमच्यात?" उलटतपासणी चालली होती. मी चिडले. संघटनेची पत्रकं वाटताना पोलिसांनीही मला इतकं विचारलं नव्हतं. पण गरज माझी होती.

माझ्या पिशवीत एक तबकडी होती आणि ती वाजवायला कोरेगावात एकही यंत्र नव्हतं. आता लॅपटॉपला सीडीचा खणच नसतो. प्रत्येक सायबरवाला एकच सांगायचा, रहिमतपूरला त्या म्हाताऱ्याकडं जा, आणि हळूच पुढं जोडायचा, जपून.

तबकडी जत तालुक्यातल्या एका गावाची होती. कर्नाटकाला खेटून असलेलं गाव, बोलणं निम्मं कानडी. गावाच्या माळावर गायरान आहे आणि त्या गायरानावर पाचसहा घरांची मेंढरं जगतात. सोलर कंपनीला ते गायरान हवं होतं. कागदावर लिहिलेलं होतं की ग्रामसभेनं हात वर करून जमीन भाड्यानं द्यायला संमती दिली. मेंढपाळांपैकी वडीलधारे बिराप्पामामा शपथेवर सांगत होते की आम्ही हात वर केले ते टँकरच्या खेपा वाढवायला. सभेतलं बोलणं कानडीत झालं, कागद मराठीत झाला, आणि या दोहोंच्या मधे गायरान गेलं. आमच्या छोट्याशा संघटनेनं दाद मागितली. सांगलीला अधिकाऱ्यापुढं सुनावणी लागली. ती हरलो तर मेंढरं विकायची, दुसरा रस्ता नव्हता. बिराप्पामामांचं ऊसतोडीला जायचं वय राहिलेलं नव्हतं.

सभेचं चित्रीकरण झालं होतं. ते आम्ही माहिती अधिकारात मागितलं आणि ऑफिसनं लगेच दिलं. लगेच दिलं म्हणूनच मला शंका आली. सरकारी ऑफिस आपल्याला लगेच काय देतं? धक्का देतं. उत्तर नंतर उमगलं. सांगलीत ज्या कुणी ते चित्रीकरण पाहिलं त्याला कानडी येत नव्हतं. त्याला फक्त वर झालेले हात दिसले. पुरावा त्याला इतका पक्का वाटला की त्यानं तबकडीवर गोल कागद चिकटवला, कागदावर शिक्का मारला आणि वर सही ठोकली.

म्हाताऱ्यांनी तबकडी कडेला धरून उजेडात फिरवली. "ही चिठ्ठी कुणी डकावली?"

"ऑफिसनं. खरी प्रत म्हणून."

"ही चिठ्ठीच खाणार हिला. हिची कड एकदा उचलली, की खालचा चंदेरी पापुद्रा घिऊनच निघंल."

मग त्यांनी मला आपल्या शेजारी उभं केलं. बसू दिलं नाही. "बघ. मी काय करतोय ते बघत ऱ्हा. मागनं म्हणशील, म्हाताऱ्यानं बदललं." तबकडी जुन्या यंत्राच्या खणात सरकवली आणि तिचा हुबेहूब साचा संगणकात उतरवून घेतला. ही कॉपी साध्या कॉपीसारखी नव्हती. ज्या ठेकेदारानं सभेचं चित्रीकरण केलं, त्यानं त्याला कुलूप लावलेलं होतं. तबकडीतच त्याचा स्वतःचा प्रोग्रॅम होता आणि खरी तबकडी खणात असल्याशिवाय तो उघडायचा नाही. नुसती फाइल उचलून नेली तर तो पडद्यावर लाल फुली दाखवायचा.

त्यावर म्हाताऱ्यांकडं इलाज होता. त्यांच्या संगणकावर एक सॉफ्टवेअर होतं. साचा त्याच्या हवाली केला की संगणकात एक नवा ड्राइव्ह उगवायचा. प्रत्यक्षात काही नाही, ना खण, ना तबकडी. पण संगणकाची खात्री पटायची की तबकडी आत आहे. ठेकेदाराचा प्रोग्रॅमही फसायचा आणि मुकाट्यानं उघडायचा. याला ते पोकळ खण म्हणायचे. काम झालं की त्या पोकळ खणातून तबकडी बाहेर काढायची आज्ञा द्यायचे आणि संगणकाच्या डब्यापुढं तळहात धरून क्षणभर थांबायचे. काही बाहेर येणार नाही हे त्यांना माझ्याइतकंच ठाऊक होतं. तरी हात धरायचे.

"तुम्ही जगात कुणावर विश्वास ठेवत नाही," मी म्हणाले, "आणि धंदा मात्र यंत्राला फसवायचा."

"यंत्राला फसवलं तर यंत्राचं काय जातंय? माणसाला फसवलं तर गायरान जातंय. फरक हाय न्हवं?"

मी सभेचा व्हिडिओ लावला. हात वर झाले. आवाज कानडी. मला कानडीचं एक अक्षर कळत नाही, म्हणून मी बिराप्पामामांना फोन लावून फोन स्पीकरजवळ धरला. पलीकडून मामा म्हणाले, "ह्योच आवाज, आमच्या सरपंचाचा. टँकर जादा पायजे त्यांनी हात वर करा म्हंतोय. जमिनीचं नाव बी न्हाई घेतलं." माझे डोळे भरून आले. म्हाताऱ्यांनी थर्मासचं टोपण फिरवत विचारलं, "फोनवरचा गडी खरं बोलतोय हे तुला कसं कळलं?"

त्या दिवशी माझ्या मनात त्यांच्याबद्दल जे आलं ते इथं छापण्याजोगं नाही.

मला त्या हातांचा तुकडा काढून मोबाइलवर टाकायचा होता. जिल्हाभर फिरला असता. त्यांनी साफ नकार दिला. तुकडा काढला म्हणजे बदल केला. उलट त्यांनी साच्यावरून संगणकाकडून अक्षरं आणि आकड्यांची एक लांबलचक माळ काढून घेतली आणि मला समजावलं, साच्यातला एक ठिपका हलला तरी माळ वेगळी निघणार. "आमचा आजा खळ्यावर रास केली की तिच्यावर राखंचं ठसं उठवायचा. कुणी मूठभर जुंधळा उचलला तरी ठसा मोडायचा आन सकाळी कळायचं. ही माळ म्हंजी तसलाच ठसा." साच्याची एक प्रत कोऱ्या पेनड्राइव्हवर घेऊन पाकिटात घातली, पाकिटावर माळ लिहिली, जोडावर माझी आडवी सही घेतली आणि स्वतःची केली. सुनावणीआधी उघडायचं नाही. एक प्रत त्यांच्या संगणकात राहिली.

ती त्यांच्या संगणकात राहिली याचाच मला घोर होता. विरुद्ध बाजूला कंपनी. हा एकटा म्हातारा, ना मुलगा जवळ, ना कुणाशी बोलणं. अशा माणसाला विकत घ्यायला काय लागतं?

सुनावणीच्या आठवडाभर आधी त्यांनी मला फोन करून बोलावलं, सकाळी अकराला ये म्हणून. मी बोळात वळले तर दुकानासमोर कंपनीची पांढरी जीप. दारावर कंपनीचं सूर्याचं चित्र. कंपनीचा एक तरुण माणूस दुकानातून पाकीट घेऊन निघाला, माझ्याकडं बघून हसला आणि गाडीत बसला. मी आत गेले ती पेटूनच.

"हा कशाला आला होता?"

"सांगणार न्हाई."

"मला कळायलाच पाहिजे. आमच्या विरुद्धची पार्टी आहे ती."

"तू कशाला आलीवतीस ते त्याला सांगितलं का मी?"

"मला काय माहीत? सांगितलंही असेल."

"असंल," ते म्हणाले आणि मला बोलावलं होतं ते काम काढलं. काम काय, तर सुनावणीला कोणत्या गाडीनं जायचं ते विचारायचं. हे फोनवर विचारता आलं असतं. पण त्या क्षणी मला ते सुचलं नाही. मला फक्त जीप दिसत होती.

सांगलीला आम्ही रेल्वेनं गेलो. त्यांनी लॅपटॉप, जुना बाहेरून जोडायचा खण आणि वायरी लष्करी घोंगडीत गुंडाळल्या होत्या. गाडीत माझ्या बाकावर बसले नाहीत. "आपण वळखत न्हाई," म्हणाले आणि चार बाकं सोडून, गाठोडं मांडीवर घेऊन बसले. सगळा प्रवास ते माझ्यावर नजर ठेवून होते आणि मी त्यांच्यावर.

अधिकारी बाई समजूतदार होत्या, पण घाईत होत्या. त्यांच्यापुढं कंपनीचा वकील, जीपमधला तो तरुण, आणि आमच्या बाजूला बिराप्पामामा, मी, म्हातारे. आधी आमच्याकडची, ऑफिसच्या शिक्क्याची तबकडी काढली. जे व्हायचं ते झालं होतं. चिठ्ठीची कड उचलली गेली होती आणि तिच्याबरोबर चंदेरी पापुद्र्याचा नखाएवढा तुकडा निघाला होता. जोडलेल्या खणात तबकडी घरघरली आणि थांबली. खरेपणाचा शिक्का मारूनच ऑफिसनं आपली तबकडी मारली होती. बाईंनी ऑफिसकडची मूळ प्रत मागवली. ऑफिसचा कारकून म्हणाला, "सापडत नाही, मॅडम." तो खाली बघून म्हणाला. एव्हाना कुणाला तरी कानडी समजलं असावं.

मग म्हाताऱ्यांनी पाकीट फोडून पोकळ खण उघडला. व्हिडिओ लागला. सरपंचांचा आवाज आला, हात वर झाले. बाईंनी जतकडच्या आपल्या शिपायाला अर्थ विचारला. तो म्हणाला, "टँकरचं बोलत्यात, मॅडम."

वकील उठले. "मॅडम, या लॅपटॉपमध्ये तबकडी आहे का?"

बाईंनी म्हाताऱ्यांकडं पाहिलं. "न्हाई," म्हातारे म्हणाले.

"पण यंत्र तर दाखवतंय, तबकडी आहे म्हणून."

"व्हय."

"म्हणजे तुम्ही यंत्राला खोटं सांगितलंत?"

"व्हय, सांगितलं."

एका शब्दानं सांभाळून घेता आलं असतं. साचा काय असतो, ठसा काय असतो, मला जे समजावलं ते समजावायचं. नाही. विचारलं तेवढंच उत्तर. वकील बाईंकडं वळून म्हणाले, "जो इसम नसलेली तबकडी आहे म्हणून दाखवतो, तो नसलेलं बोलणंही दाखवू शकतो. हा पुरावा धरू नये." बाईंनी पेन उचललं. बिराप्पामामांना वकिली मराठी थोडंच कळत होतं, पण पेन उचललेलं कळलं. त्यांनी डोक्यावरचा रुमाल काढून हातात घेतला.

मी उठले. मला बोलायची परवानगी नव्हती. "मॅडम, हा म्हातारा विकला गेलाय. आठवड्यापूर्वी यांच्या दुकानासमोर कंपनीची जीप उभी होती. हा बसलाय ना, हाच पाकीट घेऊन बाहेर पडला. माझ्या डोळ्यांनी बघितलंय. विचारा त्याला, कसलं पाकीट होतं."

जीपवाला तरुण लाल झाला. लाच दिल्याचा आळ चांगल्या घरच्या पोराला सहन होत नाही, हे त्याच्या चांगुलपणाचं. तो ताडकन म्हणाला, "काय पैसेबिसे दिले नाहीत, मॅडम. आमच्याकडं ऑफिसनं दिलेली सीडी होती, तीच ग्रामसभेची. तिची कॉपी करायला गेलो होतो फक्त."

वकिलांनी त्याची बाही ओढली. उशिरा ओढली.

"तुमच्याकडं ऑफिसची सीडी आहे?" बाईंनी विचारलं.

"आहे."

"कुठं आहे?"

"आमच्या कंपनीच्या ऑफिसात. विश्रामबागला."

"आणि तिच्यावर चिठ्ठी?"

"आमच्यावाल्या सीडीवर नाही, मॅडम. कव्हरवर होती."

बाईंनी पेन खाली ठेवलं. शिपायाला त्या तरुणाबरोबर रिक्षानं धाडलं. जेवणाच्या सुट्टीनंतर कंपनीची चकचकीत तबकडी टेबलावर आली. खऱ्या खणात गेली. म्हाताऱ्यांनी बाईंसमोर तिची माळ काढली आणि आमच्या पाकिटावरच्या माळेशी ताडायला दिली. बाई स्वतः बोट ठेवून अक्षर न् अक्षर बघत गेल्या. ठसा कुठंही मोडला नव्हता. तोच आवाज, तेच वर झालेले हात, दोन शत्रूंच्या ताब्यात. वकिलांनी फाइल मिटली.

ठराव रद्द झाला. नवी ग्रामसभा घ्या, ठराव दोन्ही भाषांत वाचून दाखवा, मगच हात मोजा, असा आदेश निघाला.

पायऱ्यांवर बिराप्पामामा माझ्या हाताला धरून रडले. म्हातारे घोंगडीला गाठ मारत होते. मी जवळ गेले.

"माझ्या गिऱ्हाइकाचं नाव तू चारचौघांत घेतलंस," ते म्हणाले.

"घेतलं नसतं तर गायरान गेलं असतं. तुम्हाला माहीत होतं त्यांच्याकडं तीच सीडी आहे. तुम्ही गप्प बसून होतात."

"गप्प बसायचंच हुतं मला."

"आणि मी तुम्हाला विकला गेलेला म्हणाले, त्याचं काही नाही?"

"त्याचं काय? तुझ्याबद्दल माझा तसलाच इचार पहिल्या दिवसापास्नं हाय." त्यांनी गाठोडं खांद्यावर टाकलं. "पर गिऱ्हाइकाचं नाव घेतलंस. तुझं काम हितनं फुडं माझ्याकडं हुणार न्हाई."

मी माफी मागितली नाही. आजही मागणार नाही. ज्या दुकानदाराची इमानदारी गावाचं गायरान बुडवते, तिच्यापेक्षा माझी जीभ बरी. पण एक गोष्ट मला सुचली ती परतीच्या गाडीत, आणि तेव्हापासून सुटत नाही. दोन गिऱ्हाइकं एका वेळी बोळात येऊ न देणाऱ्या माणसानं त्या दिवशी मला अकरालाच का बोलावलं? जीप मला दिसावी म्हणून? मी गप्प बसणार नाही हे त्यांनी हेरलं होतं म्हणून? की म्हातारपणी वेळेचा घोळ झाला? मी एकदा समोर उभी राहून विचारलं. त्यांनी पाटीकडं बोट केलं आणि दार लोटून घेतलं.

नवी ग्रामसभा झाली. मी माझ्या मोबाइलवर पहिल्यापासून शेवटपर्यंत चित्रीकरण केलं. गर्दी अशी की शाळेच्या पटांगणात उभं राहायला जागा नाही. ग्रामसेवकानं गायरानाचा ठराव आधी मराठीत वाचला, मग सरपंचांनी कानडीत. हात मोजायला म्हणून सगळे थांबले आणि एकही हात वर गेला नाही. मागच्या बाजूला एकाचं पोर खांद्यावर होतं, त्या पोरानं खाज आली म्हणून हात उचलला तर चौघांनी त्याचा हात खाली धरला. लोक हसले, पण हात सोडला नाही.

पुढचा विषय टँकरचा होता. त्यालाही कुणी हात वर करेना. बिराप्पामामा म्हणाले, "आदी लिवा. लिवलेलं वाचा. मग बगू." ग्रामसेवकानं तिथं, सगळ्यांदेखत, मांडीवर वही ठेवून ठराव लिहिला, दोन्ही भाषांत वाचला गेला, आणि तेव्हा कुठं हात वर आले.

मी जतच्या स्टँडवर येऊन म्हाताऱ्यांना फोन लावला. काम घेत नव्हते, फोन घेतला.

"ऱ्हायलं का गायरान?"

"राहिलं. टँकरही मंजूर झाला. दोन्ही ठराव दोन्ही भाषांत वाचले."

"मराठी कुणी ऐकलं?"

"मी ऐकलं. ग्रामसेवकानं बरोबर वाचलं."

"आन कानडी?"

"गावानं ऐकलं की."

"दोनी येकच हुतं, हे कुणी ताडून बघितलं?"

मी मराठी ऐकलं होतं, गावानं कानडी. दोन्ही कान एका माणसाचे नव्हते.

"बरं हाय," ते म्हणाले आणि फोन ठेवला.

कोरेगावची गाडी लागलेली होती. ती मी जाऊ दिली आणि उलट गावाकडच्या गाडीत बसून पुन्हा माघारी आले. बिराप्पामामा माळावर मेंढरं वळत होते. मी मोबाइल काढला. मराठीतली एक ओळ लावायची, मामांना सोपी करून सांगायची. मग कानडीतली ओळ लावायची, ती मामांनी मला सांगायची. अशी ओळ ओळ घेत आम्ही दगडावर बसलो. मेंढरं लांब गेली, मामांनी हाळी देऊन ती दोनदा वळवली. जमिनीचं जमिनीशी जुळलं. टँकरचं टँकरशी जुळलं. कुठं एक शब्द इकडचा तिकडं नव्हता.

"झालं का समादान, पोरी?" मामांनी विचारलं.

मी म्हणाले, "झालं." मामा उठले, काठी घेतली. ते लांबच्या मेंढरांपर्यंत पोचले तेव्हा त्यांचा जावई खालून पाणी घेऊन आला. त्याला मी हाक मारून शेजारी बसवलं, विचारलं, कानडी येतं ना, आणि व्हिडिओ पहिल्यापासून लावला.